आईचा गुरुवार

आई बरी झाली, आणि नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी तिला दर गुरुवारी दवाखान्यात यायला सांगितलं. एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. त्याआधी वडील गेले, घरातला हातमाग विकला, आणि आई अंथरुणालाच खिळली. गोळ्यांनी हळूहळू उठली, जेवू लागली.

"मग आता कशाला?" मी विचारलं.

"मनाचं दुखणं परत येऊ नये म्हणून. तिच्या वयाची माणसं जमतात, बोलतात," डॉक्टर म्हणाले.

मला उमगेना. बोलणं हे कसलं औषध? आणि घरात धड दोन शब्द न बोलणारी आई परक्यांपुढे काय बोलणार? तरी मी शिकवायचे त्या शाळेतून अर्धी रजा टाकून तिला सक्करदऱ्याच्या घरून न्यायचे आणि बाहेर बाकावर बसायचे. एकदा आतून कुणाचं तरी रडणं ऐकू आलं, मग सगळ्यांचं हसणं. त्यात आईही हसत होती.

रिक्षात विचारलं, "काय झालं वं आई?"

"तिथलं तिथंच ठेवाचं असते," ती म्हणाली.

मला बरं वाटलं की राग आला, तेच कळलं नाही.

पुढे ते गुरुवार संपले. एका हिवाळ्यात सकाळी आई चहा न करता स्टोव्हसमोर नुसती बसलेली दिसली.

"मले पुन्हा तसंच वाटून राहिलं," ती म्हणाली.

मी घाबरले. "चल, डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊ. पयले इतवारीतल्या बाईकडे चल."

ती बाई गुरुवारच्या मंडळींतली, इतवारी पेठेत राहणारी. तिने दार उघडलं, आईकडे पाहिलं आणि फक्त "ये वं, बस" म्हणाली. दोघी बाजेवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या. मी आत तिच्या सुनेजवळ बसले. मधे नुसता पडदा होता.

"मालकाची आठवण येते काय?" बाईने विचारलं.

"येते. पण मागाची जास्त येते," आई म्हणाली. "पहाटे अजून ठकठक ऐकू येते. हे पोरीले कसं सांगू? तिले वाटंल, बापाचं काहीच नाही हिले."

मी हातातला चहा तसाच धरून बसले. आईच्या दुःखाचं कारण मी वडील धरून चालले होते.

दुपारी डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. या खेपेला आईने अंथरूण धरलं नाही. गोळ्यांनी सावरली की बोलण्याने, मला आजही सांगता येत नाही. ती इतवारीला जात राहिली. मी ऐकलेलं मात्र तिच्यापाशी कधी काढलं नाही. काढायला हवं होतं की नको, तेही ठरत नाही.