वन्संची पिवळी रेघ

आमच्या वन्सं लोणच्याच्या बरणीचं झाकण लावायच्या आणि लावून झालं की खिशातून पिवळं मार्कर काढून झाकणावरून थेट बरणीवर उतरणारी एक रेघ ओढायच्या. खिसा म्हणजे पंजाबी ड्रेसला शिंप्याशी भांडून लावून घेतलेला खिसा. झाकण कोणी फिरवलं की रेघेचे दोन तुकडे व्हायचे, वरचा एकीकडे नि खालचा दुसरीकडे. मला रक्तदाब, त्यामुळे डॉक्टरांनी लोणचं बंद केलेलं. दुपारी घर निजलं की मी एखादी फोड उचलायची आणि पदराला बोटं पुसून टीव्हीपुढं साध्वीसारखी बसायची. संध्याकाळी स्वयंपाकघरातून हाक यायचीच.

"वहिनी, झाकण आज इकडं कसं सरकलं हो?"

"भूकंप झाला असेल."

"चाकणला नाही झाला, आकुर्डीला नाही झाला. कुरुळीत एका बरणीपुरताच झाला वाटतं."

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. वयानं माझ्याहून लहान, पण नणंद म्हटल्यावर मानानं थोरली, आणि तो मान त्या वसूल करून घ्यायच्या. लग्न केलं नव्हतं. कोणी खोदून विचारलं तर म्हणायच्या, "बघायला आलेले सगळे रिजेक्ट निघाले, मी काय करू?" चाकणच्या एका कंपनीत त्या चेकिंगला होत्या. तिथं बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडावर रंगाची रेघ ओढायची पद्धत. बोल्ट ढिला झाला तर रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. ही पद्धत वन्संनी घरी आणली. गॅसचा रेग्युलेटर, पाण्याच्या टाकीचा कॉक, शिलाई मशीनचा स्क्रू, सगळ्यांच्या कपाळी पिवळी रेघ. नियम दोनच. ज्यानं आवळलं त्यानंच रेघ ओढायची. आणि रेघ नाही म्हणजे आवळलं नाही.

त्या सर्वगुणसंपन्न वगैरे होत्या असं समजू नका. भात त्यांना जन्मात जमला नाही, एकतर पेज नाहीतर छर्रे. पाल दिसली की बाई खुर्चीवर चढायची. पण गाडीखाली शिरताना कधी चेहरा हलला नाही. गाडी गॅरेजला द्यायची म्हटलं की त्यांना पोटचं पोर परक्याकडं ठेवल्यासारखं वाटे. पोर्चमध्ये ह्यांचा जुना शर्ट चढवून त्या कामाला लागायच्या. जॅक लावला तरी त्यावर विश्वास नाही. खाली लोखंडी टेकू लावायचे, शिवाय काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवायचं. "आधी टेकू, मग डोकं," हे त्यांचं वाक्य आमच्याकडं भाजी चिरतानाही म्हटलं जायचं.

आणि मी? मी तेव्हा नुकती आजी व्हायला निघालेले. स्वतःला फार धीराची बाई समजायची. त्या धीराचं काय झालं ते आता सांगते.

खंडेनवमीचा दिवस होता. लेक मंजू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, तारखेला अजून आठवडा होता. वन्संनी आदल्या दिवशीच सगळी हत्यारं रॉकेलनं पुसून पाटावर मांडली होती. पाने, हातोडी, जॅक आणि त्यांचा लाडका टॉर्कचा पाना, ठरलेला जोर आला की 'टक्' म्हणणारा. सकाळी मी रेशमी साडी नेसून पूजा केली. हळदकुंकू, झेंडू, नैवेद्य. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, ते विश्रांतीला, हा आमच्या घरचा नियम. हे कंपनीच्या पूजेला गेले. आमची सोडून गल्लीतली एकूण एक गाडी कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या पूजेला गेलेली. अख्खी गल्ली मोकळी.

वन्सं गाडीला हार घालायचा म्हणून ती धुवायला जरा मागं घेऊ लागल्या, तर पुढून 'खट्' असा आवाज. खडखड महिनाभर होतीच. नवे भाग आणून ठेवलेले होते, दसरा झाला की बदलायचे म्हणून. पण हा आवाज वेगळा होता. वन्सं उतरल्या, पूजेतून जॅक उचलला आणि चाक वर घेऊन दोन्ही हातांनी हलवलं. हललं. दुधाचा दात हलतो तसं.

"लोअर आर्मचा जॉइंट गेलाय. चाक ज्याच्यावर वळतं ना, तोच. एका खड्ड्यात चाक आडवं पडेल."

"मग दसऱ्यानंतर बघू. आज पूजेतली हत्यारं उचलता? जॅक उचललात तेवढं पाप पुरे!"

"मंजूचं दसऱ्यानंतरच होणार असं पोटातनं कळवलंय का कोणी?"

असं म्हणून त्या पाटापुढं बसल्या, हात जोडले आणि पान्यांना म्हणाल्या, "माफ करा हं, आज ओव्हरटाइम आहे." मी कानांवर हात ठेवले. झेंडूच्या पाकळ्या चिकटलेले पाने पोर्चमध्ये गेले.

दुपारपर्यंत दोन्ही बाजूंचे जुने आर्म काढून नवे बसवले. मी बॅटरी धरायला होते. म्हणजे बॅटरी माझ्या हातात होती, उजेड बहुतेक तुळशीवर पडत होता. आता शेवटचं काम उरलं. आर्मच्या रबरावरचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच आवळायचे असतात. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळून बसतं आणि लवकर फाटतं. म्हणून वन्संनी चाकं चढवून गाडी जाड फळ्यांवर उभी केली, मागच्या चाकांना दगड लावले आणि त्या खाली शिरल्या. एक 'टक्', मग रेघ. दुसरा 'टक्'.

तेवढ्यात मंजू दारात आली. चौकटीला धरून उभी. पायाशी ओलं.

"आई, पाणी गेलं गं."

मी काय केलं असेल? धीराच्या बाईनं? आधी वन्संच्या चपला सरळ मांडल्या. का, ते आजतागायत कळलेलं नाही. मग अॅम्ब्युलन्सला फोन केला. पलीकडचा म्हणाला, "चाकण चौकात अडकलोय, वेळ लागेल ताई." रिक्षा बघायला रेशमी साडीत रस्त्यापर्यंत पळाले, एक मिळाली नाही. परत आले तर वन्सं अजून गाडीखालीच, उरलेले बोल्ट आवळत. मग मला जे सुचलं ते ऐका. मला गाडी येत नव्हती, तरी मी ड्रायव्हरच्या सीटवर धाडकन बसले आणि हॉर्न वाजवायला लागले. गाडी फळ्यांवर करकरली.

"वहिनी!" खालून आवाज आला, अगदी हळू. "हलू नका. श्वाससुद्धा बेतानं घ्या."

हॉर्नवरचा माझा हात तिथंच गोठला. खाली माणूस आहे हे मला तेव्हा आठवलं. दाराशी मंजू दातांत ओढणी धरून उभी. वन्सं सरकत बाहेर आल्या. बॅटरी घेऊन वाकून एकेक बोल्ट बघितला. डावीकडं दोन रेघा. उजवीकडं पुढच्या बोल्टला रेघ. मागच्याला नाही.

"आवळलाय ना तो?" मी विचारलं.

"आवळलाय असं वाटतंय."

"मग चला की!"

"वाटतंय म्हणाले मी."

"वन्सं, पोरीकडं बघा! रेघेचं कसलं कौतुक घेऊन बसलात?"

मंजू कण्हली आणि पायरीवर खालीच बसली. वन्संनी तिच्याकडं बघितलं. वाटलं, आता निघतील. त्या म्हणाल्या, "मंजू, हिच्यातनं तुलाच न्यायचंय बाळा. लांब श्वास घे," आणि मला सीटवरून उतरवून परत खाली शिरल्या.

बाहेरून फक्त त्यांची पावलं दिसत होती. आत पाना लागल्याचा आवाज. मग लगेच 'टक्'. म्हणजे बोल्ट तसूभरही फिरला नव्हता. घट्टच होता.

"बघा!" मी ओरडले. "होता ना घट्ट? उगाच वेळ घालवलात!"

त्यांनी रेघ ओढली, बाहेर आल्या आणि शर्टाला हात पुसत म्हणाल्या, "मघाशी वाटत होतं. आता माहीत आहे. बसा."

रस्ता कसा होता हे इकडच्या माणसाला सांगायला नको. प्रत्येक खड्ड्यात मी डोळे मिटायची आणि कानांनी ती खडखड शोधायची. आवाज आला नाही. अलाइनमेंट करायची राहिली होती, म्हणून गाडी सरळ जायला वन्संना स्टिअरिंग तिरकं धरावं लागत होतं. कंटेनरच्या रांगेशेजारून, कडेच्या खडीवरून, एकदा तर चक्क उलट्या बाजूनं त्यांनी गाडी काढली. मंजूनं माझ्या मनगटात नखं रुतवली. मी देवाला काय काय नवस बोलले ते अजून फेडते आहे.

आम्ही दवाखान्यात पोचलो, आणि मंजूला आत नेलं तेवढ्यात रडणं ऐकू आलं. मुलगी. वन्संच्या हातांना ग्रीस बघून सिस्टरनं त्यांना तीनदा हात धुवायला लावले. मग बाळ त्यांच्या हातात दिलं. बाळाच्या पायात नावाची पट्टी होती. ती त्यांनी बोटानं ओढून बघितली, खिशात हात घातला, आणि सिस्टरनं वेळेवर मार्कर काढून घेतलं.

गेल्या वर्षी वन्सं गेल्या. आजार लांबला नाही. शेवटच्या दिवशी मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले होते. त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "वहिनी, गॅस बंद केला का निघताना?"

मी म्हटलं, "केलाय असं वाटतंय."

त्यांनी एक डोळा उघडला.

मी उठले आणि शेजाऱ्यांना फोन केला. त्यांनी जाऊन बघितलं. मी परत उशाशी आले, वाकले आणि म्हटलं, "बंद आहे. आता माहीत आहे." त्यांनी मान हलवली.

त्यांनी घातलेल्या लोणच्याची शेवटची बरणी फडताळात आहे. मी दुपारी घर निजलं की झाकण उघडते, एक फोड घेते. खोटं कशाला बोलू, कधी दोन. आणि झाकण लावताना रेघेचे दोन तुकडे अगदी समोरासमोर येईपर्यंत चष्मा लावून फिरवत राहते. तपासायला कोणी नाही. परवा मंजूनं विचारलं, "आई, लोणचं खाल्लंस का गं?"

मी म्हटलं, "रेघ बघ की. हललीय का कुठं?"