उपाशी पोटांपुढे आहाराचं भाषण

वक्ते मित्रहो, श्रोते जांभया देतात, मन लावून ऐकत नाहीत, ही आपली नेहमीची तक्रार. आजपासून मी ती करणार नाही.

आज कळंबजवळ रस्त्याच्या श्रमदानावर गेलो होतो. माणसं सकाळपासून माती खोदत होती. दुपारी ती शिदोऱ्या सोडायला बसली, तोच मी बोलायला उभा राहिलो. विषय होता कष्टकऱ्यांचा आहार. डाळ, ताक, पालेभाजी आणि वेळेवर जेवण, यावर तासभर बोललो. पाहुणा बोलतोय म्हणून एकानेही शिदोरी सोडली नाही. मला वाटलं, सभा रंगली.

इतक्यात पुढे बसलेला किसन नावाचा गडी भोवळ येऊन कलंडला. त्याच्या बायकोने तोंडावर पाणी मारलं आणि माझ्याकडे वळून ती म्हणाली, "भाऊ, येळेवर जेवा म्हणता, मंग जेवू काहून देत नाही?"

लोक हसले. किसनने डोळे उघडले आणि तिलाच दटावलं, "बोलू दे वं त्याईले. चांगलं बोलून राह्यले."

त्या चांगुलपणापुढे माझी मान वर होईना. भाषण तिथेच थांबवून मी खाली बसलो.

मित्रहो, श्रमदानावर बोलायला जाल तेव्हा आधी सगळ्यांना जेवू द्या, मगच तोंड उघडा.