दिगंबर फालकचे पाठकोरे कागद

दिगंबर फालक गेल्याचा फोन त्याच्या थोरल्या भावाने, अण्णांनी केला. सकाळचे आठ वाजले होते. “वसंता, दिगू गेला रे. चहा ठेवला होता समोर, त घेतलाच नाही त्याने,” एवढं बोलून ते थांबले आणि फोन कोणीतरी दुसऱ्याने घेतला. बुऱ्हाणपूरच्या लालबागहून सिंधीपुऱ्यात पोहोचेपर्यंत रिक्षातच मी बातमी जुळवून टाकली होती... स्पॅनिश साहित्याचे अभ्यासक, कादंबरीकार, वय एकोणसत्तर, मागे पत्नी आणि भाऊ. दैनिकाच्या डेस्कवर आयुष्य गेलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं. दुसऱ्या दिवशी चार ओळी आल्या. एका हिंदी पेपरने त्याला इंग्रजीचा प्राध्यापक करून टाकलं. दुरुस्ती छापून आणावी असं घरात कोणालाच वाटलं नाही, मलाही नाही. आज सात आठवड्यांनी लिहितो आहे, कारण त्या चार ओळींत जे नव्हतं ते आता कुठेच उरलेलं नाही.

आमचे दोघांचे वडील भुसावळकडून बुऱ्हाणपूरजवळच्या कागद गिरणीत नोकरीला आलेले. गिरणीच्या वसाहतीत आमची घरं एका ओळीत होती. कार्यालयातले जुने छापील तक्ते बाद झाले की कामगार त्यांचे गठ्ठे घरी आणत. एका बाजूला पाळी, हजेरी, शेरा असे रकाने आणि दुसरी बाजू कोरी. वसाहतीतली सगळी पोरं या पाठकोऱ्या कागदांवरच शिकली. कोरी बाजूही भरली की आया ते कागद बांधून ठेवत आणि वडील गिरणीच्या लगद्यात टाकायला परत नेत. ‘गिरणीचा कागद गिरणीत’ असं वसाहतीत म्हणत. कागद जाळणं किंवा उकिरड्यावर टाकणं तिथे अन्न टाकण्यासारखं मानलं जाई.

दिगंबर दिल्लीला स्पॅनिश शिकायला गेला तो काही ठरवून नव्हे. फ्रेंचच्या जागा भरल्या होत्या. “रांगेत उभा होतो, खिडकीवरचा म्हणाला स्पॅनिश आहे, मी म्हटलं द्या,” असं तो सांगायचा. पण पुढच्या पाच वर्षांत त्याने त्या भाषेत असं काही डोकं घातलं, की सालामांकाच्या विद्यापीठाने त्याला संशोधनासाठी बोलावून घेतलं. यादवी युद्धानंतर, सगळं लेखन सरकारी नजरेखालून जात होतं त्या काळात, स्पेनमधल्या कादंबरीकार बायकांनी जे लिहिता येत नव्हतं ते कसं लिहिलं, हा त्याचा विषय. त्याचा प्रबंध तिकडेच छापला गेला. तिकडे जातानाही त्याने बॅगेत गिरणीच्या तक्त्यांचा एक गठ्ठा नेला होता. मार्गदर्शक बाईंनी हा काय प्रकार म्हणून विचारलं, तर याने त्यांना हजेरीच्या रकान्यांचं स्पॅनिश भाषांतर करून दिलं. ‘शेरा’ या रकान्यात काय लिहितात, हे त्यांना फार आवडलं म्हणे... ‘सूचना देऊनही उशिरा’.

नवा कोरा कागद त्याला चालतच नसे. “त्याच्यावर हात अडतो वश्या. मागे आधी कोणीतरी काम केलेलं असलं, की बरं वाटतं.” पुढे दक्षिणेतल्या एका विद्यापीठात त्याने सव्वीस वर्षं शिकवलं. तिथेही दरवर्षी बुऱ्हाणपूरला आला की तो अण्णांकडून गठ्ठा घेऊन जाई. अण्णा तेव्हा गिरणीच्या लगदा खात्यात होते. “लोकं गावाकडून दराब्याची मिठाई घेऊन जाता, आमचा साहेब रद्दी घेऊन जातो,” असं ते स्टेशनवर सगळ्यांदेखत म्हणायचे, आणि तो गठ्ठा स्वतःच डब्यात चढवून द्यायचे.

त्याने मराठीत दोन कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही खपल्या नाहीत. पहिलीवर जे एकमेव परीक्षण आलं त्यात ‘परक्या वळणाची मराठी’ असे शब्द होते. ते पान माझ्याच दैनिकाचं होतं आणि परीक्षण मीच पानात लावलं होतं. जागा कमी पडत होती म्हणून मी दोन वाक्यं कापली. कापली ती त्याच्या बाजूची होती. तो एवढंच म्हणाला, “तिकडे मी फार शुद्ध लिहितो, इकडे मी परका. मधे कुठे जागा असेल तर सांग.” त्याच्या निवृत्तीनंतर दोन वर्षांत विद्यापीठाने स्पॅनिशचा विभाग बंद केला. त्याने जमवलेली पुस्तकं खोक्यांत भरून एका जिन्याखाली ठेवल्याचं एका विद्यार्थिनीने त्याला कळवलं. तो बघायला गेला नाही.

निवृत्त होऊन तो सुगंधा वहिनींसह अण्णांनी सिंधीपुऱ्यात बांधलेल्या घरात राहायला आला. गल्लीत त्याचं नाव ‘स्पेनवाले सर’ पडलं. शेजारचा पॉवरलूमवाला पहिल्याच आठवड्यात विचारता झाला, “सर, वहाँ की एक गाली तो सिखा दो.” दिगंबरने शिकवली. महिनाभर गल्लीतली सगळी मुलं ती एकमेकांना देत होती. फुकट स्पॅनिश शिकवतो म्हणून दोन मुली यायला लागल्या. एकीचं लग्न ठरलं. दुसरी एके दिवशी म्हणाली, “सर, स्कोप जर्मन में ज्यादा आहे,” आणि तीही यायची थांबली. त्यानंतर त्याच्याकडे स्पॅनिश बोलायला कोणी उरलं नाही. वहिनी सांगतात, तो कधीकधी आंघोळ करताना मोठ्याने बोलत असे. त्यांना एक शब्द कळत नसे.

तिसरी कादंबरी तो सात वर्षं लिहीत होता. वसाहतीवर आहे, एवढंच त्याने मला सांगितलं होतं. कॉम्प्युटरवर त्याने काही चढवलं नाही, झेरॉक्स काढली नाही. लिहून झालेला कागद तो लेखन खाली आणि छापील बाजू वर करून ठेवी. येणाऱ्याजाणाऱ्याने ओळी वाचू नयेत म्हणून ही जुनी सवय होती. दिवाळीनंतर त्याने मला बोलावलं. “पुरी झाली. घरी देणार नाही, इथे बसून वाच. तू वसाहतीतला आहेस, कुठे खोटं पडलं ते तुलाच कळेल. आणि या वेळी कापाकापी तोंडावर कर.” मी तीन वेळा गेलो. पहिल्यांदा चष्मा विसरलो होतो. दुसऱ्यांदा पाहुणे होते. तिसऱ्यांदा त्याने गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. वरचा कागद मी हातात घेतला, छापील रकाने पाहिले, माझ्या वडिलांच्या खात्याचा तक्ता होता तो. तेवढ्यावरून वडिलांच्या गोष्टी निघाल्या, चहा झाला, आणि कागद मी होता तसा परत ठेवला. पुढच्या आठवड्यात निवांत येतो म्हणालो. भाच्याचं लग्न होतं, मग थंडी होती... मी गेलो नाही.

तेराव्यासाठी खोल्या मोकळ्या करायच्या होत्या. वहिनी आतल्या खोलीत बसून होत्या. बायकांची ये-जा चालू होती. दिगंबरची खोली अण्णांनी एकट्याने आवरली. पुस्तकांना त्यांनी हात लावला नाही. स्पॅनिश पुस्तकं एकेक पुसून कपाटात लावली. टेबलावर आणि टेबलाखाली त्यांना गिरणीचे जुने तक्ते दिसले. हे गठ्ठे आपणच दिलेले, हे त्यांनी ओळखलं. सुतळीने चौकोनी, नीट, खात्यात बांधत तसे बांधले आणि रद्दीच्या हातगाडीवर चढवले.

चौदाव्या दिवशी मी हस्तलिखित मागायला गेलो. अण्णांना मी काय मागतो ते आधी कळेना. मग त्यांनी विचारलं, “कोणत्या कागदाच्या मागे?” आणि ते खाली बसले. आम्ही दोघं रद्दीवाल्याकडे गेलो. तो भला माणूस होता, त्याने गोदाम उघडून दाखवलं. रद्दीच्या गाठी घेऊन ट्रक तीन दिवसांपूर्वी गेला होता. कुठल्या गिरणीकडे, हे त्याने फोन करून विचारलंही. मग म्हणाला, “साहब, वो तो गल गया होगा.” परतताना अण्णा एकसारख्या आवाजात कागदाचा लगदा कसा होतो ते सांगू लागले, मी विचारलं नसताना. आधी पाणी, मग कास्टिक सोडा, मग खाली पातं फिरतं. कागदाला वेळ लागतो. “शाई पहिले सुटते, वसंता. एका मिनिटात सुटते. छपाई तेवढी राहते बराच वेळ.” एकतीस वर्षं हेच त्यांचं काम होतं. त्या दिवसापासून ते दिगंबरच्या खोलीत गेलेले नाहीत. जेवायला बोलावलं तर येतात, ताटावर बसतात, उठून जातात.

मागच्या रविवारी मी पुन्हा गेलो. घरात कुठे टिपणं, सुटी पानं, एखादी वही सापडते का ते बघायचं होतं. सापडली ती सगळी स्पॅनिशमध्ये, जुन्या व्याख्यानांची. खोलीत टेबल तसंच आहे, वर काही नाही. वहिनी चहा घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

“भाऊजी, एक विचारू? त्यात मी होते का हो?”

मी म्हणालो, “मी वाचली नाही, वहिनी.”

“पण तुम्ही तर तीनदा आले होते.”

“हो.”

त्यांनी कप टेबलावर ठेवला. “मी रोज झाडायची इथं,” त्या म्हणाल्या. “एक कागद उलटून पाहिला नाही कधी. ते आवडत नाही म्हणायचे ना... मला वाटलं, वसंता भाऊजी वाचतील आन् मला सांगतील.”

चहा त्यांनी दोघांचा आणला होता. तो आम्ही तिथेच उभ्याने घेतला.