कोंबडा की कोंबडी

शिंपीमास्तरांचा राग करवंदाच्या जाळीसारखा, पाणी नसलं तरी हिरवाच. धाकटा भाऊ एकदा गिऱ्हाइकादेखत म्हणाला, "दादा, कोटाची एक बाही आखूड झालीय." झालीही होती. पण मास्तरांनी तिथल्या तिथे सुनावलं, "तुझ्या दाराची पायरी चढलो तर नाव बदलून ठेव." आणि दोघांच्या परसांच्या मधोमध करवंदं लावली. बघता बघता पुरुषभर उंच, काटेरी, गच्च कुंपण झालं. भर उन्हाळ्यात सगळं करपायचं, जाळी मात्र टवटवीत.

धाकट्याला राग धरणं जमायचं नाही. करवंदं काळी झाली की तो पलीकडून हाक मारायचा, "दादा, कोंबडा की कोंबडी?" लहानपणचा खेळ तो. फळ फोडायच्या आधी ओळखायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. मास्तर मनातल्या मनात "कोंबडा" म्हणायचे आणि शिलाई मशीन जोरात चालवायचे. मोठ्याने म्हटलं असतं तर काय जीभ झिजणार होती?

यंदा करवंदं पिकून गळायला लागली, तरी हाक आली नाही. भाऊ अंथरुणाला खिळलाय, असं गिऱ्हाइकाकडून कळलं. मास्तर भरल्या ताटावरून उठले.

बायको म्हणाली, "अहो, जाऊन या ना. रस्त्याने वळसा घातला की त्यांचं दार."

"दारातून नाही. तोंडातून शब्द गेलाय. परसातून जातो."

मागून गेलं की शब्दही राहील आणि भावालाही भेटता येईल, असा त्यांचा हिशोब. दुसऱ्या दिवशी सकाळीच कोयता घेऊन ते जाळीला भिडले. स्वतः वाढवलेली, ती बरी सोडेल! हात ओरबाडून निघाले, चिकाने बोटं चिकटली. माणूस जाईल एवढी वाट होईपर्यंत दुपार कलली. एक टपोरं करवंद मुठीत धरून मास्तर वाकून पलीकडे गेले.

मागच्या दारात धाकट्याची बायको उभी होती.

"सकाळपासून कोयत्याचा आवाज ऐकत होते, भाऊजी. हे सारखं म्हणत होते, दादा येतोय, दादा येतोय. आत्ताच गेले."

ती दारातून बाजूला झाली.

"पुढचं दार उघडंच ठेवलं होतं," ती म्हणाली. "पाच मिनिटांची वाट होती."

मास्तर आत गेले, भावाच्या उशाशी बसले. मूठ उघडून करवंद त्याच्यापुढे धरलं.

"कोंबडा," ते मोठ्याने म्हणाले, आणि ढसाढसा रडले.