आईसाठी पाडलेला खोटा पाऊस

मी जयपूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते, आणि त्या उन्हाळ्यात मी माझ्या आईला रोज सकाळी हवामानाच्या थापा मारल्या. हे आधीच कबूल केलेलं बरं.

आई जुन्नरकडची. घाटाच्या कडेला तिचं कौलारू घर, आणि वडील गेल्यापासून त्यात ती एकटी. होळीनंतर मी तिला जयपूरला आणलं, तेव्हा तिची एकच अट होती: वैशाख संपायच्या आत परत पोचवायचं. पावसाआधी घर शाकारून घ्यायचं असतं. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, पुन्हा रचायची. एक वर्ष चुकलं की वासे कुजतात, आणि मग घर बसायला फार वेळ लागत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी तिला पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं. नवरा रेल्वेत, आठवड्यातले चार दिवस बाहेर. मुलगी नुकतीच शिकायला लांब गेलेली. गोपालपुऱ्यातलं ते तिसऱ्या मजल्यावरचं घर मला खायला उठायचं. पण असं काही मी आईला बोलले नाही. त्याऐवजी मी पाऊस पाडायला लागले.

"आई, तिकडे काल वळवानं झोडपलंय," मोबाइलकडे बघत मी चहा पुढे करायचे. "घाटात पहिल्याच वळणावर झाड पडलंय म्हणे. ओल्या कौलांवर माणूस चढणार तरी कसा?"

मोबाइलवर जुन्नरचं कडकडीत ऊन दिसत असायचं.

"अगं बया," एवढंच म्हणून आई बशीत चहा ओतायची.

मग दुपार यायची. बाहेर लूची भाजणारी झळ वाहत असायची, रस्ते ओस. खिडकीतला कूलर ओल्या खसाचा, म्हणजे आपल्या वाळ्याचा, वास खोलीभर पसरवायचा आणि पडद्यांतून हिरवट उजेड झिरपायचा. बगरूची छापील चादर फरशीवर टाकून आम्ही मायलेकी आडव्या व्हायचो. त्या अर्धवट झोपेत मी तिला जगातल्या विचित्र जागा सांगायचे. मनात हेतू हाच, की तिला जयपूरची हवा त्यापुढे बरी वाटावी.

अमेरिकेतल्या एका कोरड्या तळ्यात दगड आपोआप चालतात, मी सांगितलं. हिवाळ्यात त्यांच्याभोवती बर्फाचा पापुद्रा धरतो, वारा त्याला ढकलतो, आणि मागे मातीत लांबच लांब रेघ उरते. दक्षिण अमेरिकेत एका सरोवरावर वर्षातल्या कितीतरी रात्री विजा चमकत राहतात आणि खाली कोळी मासे धरतात. अंटार्क्टिकात बर्फातून लालभडक पाणी वाहतं, कारण त्यात लोखंड आहे. एका वाळवंटात वर्षानुवर्षं काही उगवत नाही, आणि एखाद्या वर्षी थोडा पाऊस झाला की क्षितिजापर्यंत जांभळी फुलं येतात. बोलता बोलता माझाच आवाज मला लांबून ऐकू यायचा. दगड चालत असायचे, कूलर घरघरत असायचा, आणि आईचा हात माझ्या केसांत असायचा. मी पन्नाशीला आले होते आणि इतकी सुखात बऱ्याच वर्षांत नव्हते.

आईचा प्रश्न ठरलेला. "तिथं माणसं राहत्यात का?"

राहत नाहीत म्हटलं की त्या जागेतला तिचा रस संपायचा. एका बेटावर कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्याने उलटं वर उडतं, याचंही तिला कौतुक नव्हतं. "आमच्या नाणेघाटात पाणी वरच जातंय की. वारा असतोय तसा." मेघालयाचं मात्र तिने उठून बसून ऐकलं. तिथे पाऊस इतका वाजतो की आवाज दबावा म्हणून लोक छपरावर गवत घालतात, असं मी सांगत होते.

"आणि ते गवत दरसाल कोण बदलतं?"

"आपसात बदलत असतील," मी म्हटलं आणि कूस बदलली.

ज्येष्ठ लागला. एका दुपारी धुळीची आंधी आली. आकाश हळदीसारखं झालं, खिडक्या लावेपर्यंत दातांखाली वाळू करकरायला लागली. आई न्हाणीघरात होती आणि तिचा फोन वाजला. गावची शेजारीण होती.

"आईला सांग, माझ्या पोरानं घर शाकारून वीस दिवस झालं, कवलं पक्की बसल्यात," ती म्हणाली. "पाऊस अजून थेंब न्हाई. रोज सांगतेच म्हणा मी त्यांना."

रोज. मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. आई केस पुसत बाहेर आली. माझ्या तोंडाकडे बघून तिला सगळं समजलं.

"खोट्याच्या कपाळी गोटा," ती म्हणाली, पण हसत होती.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"भूगोलाची मास्तरीण तू. पण झाड पडलं ते सांगताना दरवेळी त्याच वळणावर पाडायचीस."

मला हसू आलं आणि रडूही. "मग गेली का नाहीस? ताकास तूर लागू दिली नाहीस."

ती खिडकीपाशी बसली. काचेवर वाळू आपटत होती. "म्हटलं बघू," ती म्हणाली. "आज म्हणशील, उद्या म्हणशील. जगातल्या सगळ्या हवा सांगितल्यास मला. 'आई, राहा' एवढं काय तुझ्या तोंडून निघंना."

आमच्या घरात असं कोणी कोणाला म्हणतच नाही. वडीलही म्हणाले नाहीत, आईही म्हणाली नव्हती. गाडी सुटेपर्यंत आम्ही डब्यात काय दिलंय तेवढंच बोलतो.

"राहा," मी म्हटलं. "मला एकटीला करमत नाही. राहा, आई."

तिने माझा चेहरा ओल्या टॉवेलने पुसला, लहानपणी पुसायची तसा, जरा जोरातच.

"परवाचं तिकीट आहे. जावईबापूंनी काढलंय." म्हणजे नवराही फितूर. "येते म्हणून शेजारणीला शब्द दिलाय, आता मोडायचा न्हाई. पुढच्या खेपेला आधी म्हण."

मग मी तिची बॅग काढली आणि तिच्यासमोर बसून, डोळे न पुसता, तिच्या साड्यांच्या घड्या घातल्या.