द्राक्षं कुणी मागितली होती?

मलिद्याच्या दिवशी मी आत्याचा डबा न उघडताच तिच्या हातात परत दिला. पुढे जे झालं त्याबद्दल मी कॅटररला, घाईला, हॉलच्या वेळेला दोष देऊन पाहिला. पण चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. घरात मराठी, प्रार्थनेत हिब्रू. इथे न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनच्या आसपास, आमची मोजकीच घरं आहेत. काही चांगलं झालं की एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने आम्ही मलिदा करतो. धुऊन मऊ केलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, आणि परातीत भोवताली फळं. आमच्याकडे रीतच पडून गेली होती की प्रत्येक घरातून काही ना काही यायचं. कुणी खजूर आणायचं, कुणी अंगणातले फिजोआ, इथलं पेरूसारखं हिरवं फळ. पोहे मात्र आत्याचेच.

यंदा माझ्या मुलीला डुनेडिनला मेडिकलला प्रवेश मिळाला. माझी औषधांची दुकानं बरी चालतात. मी ठरवलं की या वेळी कुणी काही आणायचं नाही, सगळं माझ्याकडून. जवळच्याच पोरिरुआतला हॉल घेतला, एका महाराष्ट्रीय कॅटररला मटण आणि मलिदा दोन्ही सांगितलं, आणि जेवणाआधी एक छोटं भाषणही तयार केलं. मला इतिहास वाचायची आवड आहे. विषय होता, पॅलेस्टाइनमधल्या पहिल्या ज्यू वसाहती आणि त्या जगवणारे श्रीमंत दाते.

आत्या दारातून आली ती कापडी पिशवी छातीशी धरून. थंडी होती, तरी पायात जँडल्स, इथल्या रबरी चपला.

"आत्या, हे कशाला आणलंस? सगळं ऑर्डर केलंय. मेसेज नाही का वाचलास?"

"वाचला की. म्हटलं, पोहे थोडेच ऑर्डर करणार आहेस."

"पोहे पण. तू आज फक्त बसायचं. एन्जॉय कर."

"बसून काय करू? मी काय नवरी आहे?"

"बसा हो आत्या, आज तुम्ही व्हीआयपी," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, तीही हसली. मी डबा पिशवीत घालून पिशवी तिच्या हातात दिली आणि माइक लागतोय का ते बघायला गेलो.

भाषण मी मनापासून केलं. रशियातून, रोमानियातून जीव मुठीत धरून आलेली माणसं, बहुतेकांनी कधी नांगर धरलेला नाही. खाली दलदल, वर ऊन, घराघरात ताप. अशा वेळी पॅरिसमधल्या एका धनाढ्य घराण्यातला माणूस पुढे आला. त्याने जमिनी घेतल्या, विहिरी खणवल्या, डॉक्टर आणि शिक्षक पाठवले, द्राक्षाचे वेल लावून दिले. तो नसता तर त्या वसाहती उठून गेल्या असत्या. हे मी आजही म्हणेन. आपल्या मुंबई-पुण्यातही बगदादहून आलेल्या ज्यू शेठ मंडळींनी दवाखाने आणि शाळा बांधल्या, त्यांची आठवणही मी काढली.

मग मला चेव चढला. त्या वसाहतींत दात्याने नेमलेले कारकून कारभार बघत. काय लावायचं, कसं लावायचं, तेच ठरवत. शेतकरी चिडले, भांडले. हे सांगताना मी म्हणालो, "म्हणजे बघा, फुकटचं खायचं आणि वर कुरकुर करायची!" हशा झाला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून आत्याने विचारलं, "काय लावायला लावलं म्हणालास?"

"द्राक्षं."

"त्यांनी मागितली होती का द्राक्षं?"

आता हशा तिच्या बाजूने झाला. मला ते लागलं. मी माइकवरच म्हणालो, "आत्या, हा सगळा अर्थकारणाचा विषय आहे. तुला नाही कळायचं."

मी पुढचा मुद्दा घेतला. भाषण संपलं तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती. पाय दुखतो म्हणून बसने घरी गेली, असं कळलं.

त्यानंतर परात आली. सुरेख सजवलेली, वर गुलाबाच्या पाकळ्या. कॅटरर कौतुकाने म्हणाला, "सर, पोहे दुधात भिजवलेत, संध्याकाळपर्यंत मऊ राहतील." शेजारच्या पातेल्यात मटण रटरटत होतं. आम्ही मांसाबरोबर दूध खात नाही. मलिद्यात दुधाचा थेंब पडत नाही, म्हणूनच तर त्यात नारळ. त्या भल्या माणसाला हे माहीत असायचं कारण नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. आजवर कुणाला सांगावं लागलंच नव्हतं, कारण पोहे आत्या आणायची.

बायको हळूच म्हणाली, "आत्यांचा डबा आहे ना?"

"ती घेऊन गेली."

"मग फोन करा. बस अजून लांब गेली नसेल."

मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. चारचौघांत तुला काही कळत नाही म्हणून झालं होतं. आता पोहे हवेत म्हणून परत बोलवायचं? परात बाजूला सरकवली. नुसत्या फळांवर प्रार्थना झाली. मुलीच्या पहिल्या मोठ्या आनंदाचा मलिदा पोह्यांशिवाय झाला. कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

नंतर मी आत्याला फोन करायचो. "बरी आहे. तू कसा आहेस?" एवढंच. मुलगी डुनेडिनला निघाली तेव्हा निरोप द्यायलाही ती आली नाही. भेट मात्र पाठवली, स्वतः विणलेला स्वेटर. पुढच्या मलिद्याचं कुणीतरी काढलं तेव्हा म्हणाली, "आता माझं काय काम? मागवा की."

या देशात आलो तेव्हा मी तिच्याच घरी राहिलो होतो. फार्मसिस्टची इथली परीक्षा पास व्हायची होती, हाताला काम नव्हतं. खोली तिची, जेवण तिचं, गरम पाणी तिचं. आणि रोज सकाळी ती मला विचारायची, "आज वांगं करू की भेंडी? तू सांग बाबा, मला काही सुचत नाही." तिला सगळं सुचत असायचं. पण मी रोज उत्तर द्यायचो, लसूण सोलायला बसायचो, आणि त्या घरात आपण कुणाचं खातोय असं मला एकदाही वाटलं नाही. हे मला ती खुर्ची रिकामी झाल्यावर आठवलं.

पॅरिसचा तो माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याने दिलं म्हणून माणसं जगली. पण त्या चिडलेल्या शेतकऱ्यांवर मी लोकांना हसवलं, त्याची आता लाज वाटते. भेंडी की वांगं, एवढं तरी त्यांना कुणी विचारायला हवं होतं.

एका रविवारी दुपारी मी पोरिरुआला आत्याच्या घरी गेलो. आत्या मागच्या अंगणात खाली पडलेले फिजोआ वेचत होती. मला बघून म्हणाली, "फोन नाही केलास. जेवायचं काय करू आता?"

"जेवायला नाही आलो."

"मग? पोहे हवेत?"

टोमणा होता, आणि तो मला पोचला. मी तिच्याशेजारी गवतात बसलो. गवत ओलं होतं. ती वेचत राहिली, माझ्याकडे बघेना. येताना जुळवलेली वाक्यं सगळी गेली. कॅटररचं, घाईचं काहीच तोंडात आलं नाही.

"आत्या," मी म्हणालो, "तुला न विचारता मी सगळं ठरवलं. तुझा डबा परत दिला. आणि तुला काही कळत नाही असं सगळ्यांसमोर बोललो. माझं चुकलं. मला माफ कर."