पाटावरची सवत

माझी सवत मरून शंभर वर्षं होत आली होती, तरी शारजात आमच्या घरी ती ऐसपैस राहायची. तिला भरघोस मिशा होत्या. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज इंजिनिअर होता मेला!

माझे यजमान घाटाखालच्या रेल्वे वसाहतीत वाढले. त्या घाटातले पूल आणि बोगदे ज्याने बांधले, त्याचं जाडजूड चरित्र त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळवलं आणि शारजाच्या रोल्ला भागातल्या आमच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. हे स्वतः साइट इंजिनिअर. मग काय, जेवताना साहेब, गाडीत साहेब, शुक्रवारी दुपारी आडवं झालं तरी साहेब. "साहेबांनी कड्यावरून दोराने माणसं सोडून सुरुंग लावले गं!" माझ्या बिरड्याच्या उसळीचं एवढं कौतुक कधी झालं नाही. मुलगी म्हणायची, "आई, बट ही इज डेड!" अगं, तेच तर. मेलेल्याशी भांडता येतं का?

कळस म्हणजे खंडेनवमी. हे पाटावर हेल्मेट, टेप, लेव्हल मशीन मांडायचे आणि मधोमध साहेबांचं चरित्र. हळदकुंकू वाहायचं मी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एका वर्षी कंपनीने ह्यांना अबुधाबीच्या पश्चिमेला खाडीवरचा पूल देऊ केला. पहिल्यांदाच अख्खा पूल ह्यांच्या हाती येणार होता. पण राहायचं बॅचलर कॅम्पात, कुटुंबाला कंपनीचं घर नाही. म्हणजे आमचा दोघींचा व्हिसा कॅन्सल आणि रवानगी गावी, सासूबाईंकडे.

"तीन-चार वर्षांचा तर प्रश्न," हे म्हणाले. "साहेबसुद्धा घाटात एकटेच राहिले होते."

झालं! सवत आता मला घराबाहेर काढायला निघाली.

ह्यांनी कंपनीला उत्तर द्यायच्या आधी खंडेनवमी आली. मी पाटावर पुस्तकाला खेटून माझं पोळपाट-लाटणं ठेवलं. म्हटलं, "ही माझी शस्त्रं. आता वाचा, साहेबांच्या बायकोचं काय झालं ते."

हे हसले. पानं उलटत बसले, बराच वेळ. मग एक वाक्य मोठ्याने वाचायला लागले आणि मध्येच थांबले.

"वाचा ना."

बाई तिकडे विलायतेत आजारात गेली. बातमी घाटात पोचली तेव्हा पुलाची शेवटची कमान चढत होती, आणि साहेबांनी एक दिवसही काम थांबवलं नाही. लिहिणाऱ्याने हे मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. बाईचं नावसुद्धा दिलं नव्हतं.

ह्यांनी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले ते म्हणाले, "खलास. कंपनीला नाही म्हणून सांगितलं." दसरा होताच, मी दुप्पट श्रीखंड केलं. आनंद झाला तो लपवू कशाला?

पूल दुसऱ्याने बांधला. पुढे आम्ही अबुधाबीला राहायला आलो, आणि पश्चिमेकडे निघालं की तो वाटेत लागतोच. पूल आला की हे रेडिओ बंद करतात, गाडी हळू घेतात. मागचे हॉर्न मारमार मारतात. परवा तर ह्यांनी स्टिअरिंगवरचा हात उचलून छातीला लावला, देवळावरून जाताना लावतात तसा. साहेबांसाठी एवढं कधी केलं नव्हतं!

झालं! आता हा पूल माझी सवत. पुस्तकातल्या सवतीला मी हरवलं, पण ही तर मीच कधी घरात येऊ दिली नाही, हिला हरवू कशी?

"अहो, किती हळू चालवता?" मी म्हटलं.

"पूल आहे," हे म्हणाले, आणि पलीकडे पोचेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.